पंचाची बोटं

काल कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलचा पंच फाउल दाखवत होता. एका हाताची दोन बोटं, दुसऱ्याची तीन, म्हणजे तेवीस नंबर. आमच्या वेळी जर्सीच्या नंबरात पाचाहून मोठा अंक चालत नसे, कारण एका हाताला बोटं पाचच. सगळे खेळाडूकडे पाहत होते. मी संशयाने त्या बोटांकडे पाहत होतो.

त्या काळी एका अंतिम सामन्यात पंच मी होतो. धक्का दिला तेवीसने, मी हात उलटे दाखवले, आणि बत्तीस नंबरच्या दिगंबरच्या नावावर पाचवा फाउल लागला. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो.

"सर, मी लांब होतो हो! तुम्ही पाहिलंत ना?"

"वाद नको. बाहेर हो."

चूक मला त्याच क्षणी कळली होती. घाईत झाली, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण दिगंबर त्या दिवशी सारखा उलट बोलत होता, म्हणून आता त्या घाईचाही संशय येतो. जर्सीवरचे अंक आम्ही सामन्याआधी तपासायचो. पंचाचे हात कोण तपासणार?

दिगंबर, तू लांबच होतास. मी पाहिलं होतं.