फणसाच्या फळ्या

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी कुवेतमध्ये करून बसलोय. तेही लाकडाच्या दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक दांडा एवढ्याच भांडवलावर.

मी सुतार. सिंधुदुर्गातल्या एका गावचा, बापजाद्यांपासून रंधा मारणाऱ्या घरातला. इथे आलो तोही सुतार म्हणूनच, पण घरकामाच्या व्हिसावर. एजंट म्हणाला होता, मोठं घर आहे, दारं-खिडक्यांचं काम संपता संपणार नाही. अगदीच खोटं बोलला नाही तो. अर्दिया भागातल्या ह्या घरात आल्या आल्या मी दारं घासली, कपाटं बसवली. मालकीणबाईंच्या खोलीतल्या कपाटाला नवीन कुलूपही मीच लावलं आणि चावी नीट फिरते की नाही ते पुन्हा पुन्हा बघितलं. माझा पासपोर्ट त्याच कपाटात आहे. कुलूप उत्तम चालतं.

घरच्या बाईला इथे आम्ही नोकरमाणसं मामा म्हणतो. सुरुवातीला असं हाक मारताना मला माझा मिशाळ मामा आठवून हसू यायचं. आता जीभ सरावली.

मामाचा मोठा मुलगा अमेरिकेत शिकून आला तो तिथली एक खोड घेऊन आला. त्याला सकाळी मेक्सिकन नाश्ता लागतो. मक्याची पोळी, तिला ते तोर्तिया म्हणतात. तिच्यावर अंडं, अंड्यावर टोमॅटो-मिरचीचा झणझणीत रस्सा आणि बाजूला काळ्या घेवड्याची घोटलेली उसळ. दुकानातल्या तयार पोळ्या त्याला रबरासारख्या लागायच्या. त्याने मला फोनवर पोळ्या दाबायचं लाकडी यंत्र दाखवलं. आपल्याकडच्या पुरी प्रेससारखंच, फक्त मोठं. गाड्यांच्या शेडमध्ये बसून कपाटांतून उरलेल्या सागाच्या तुकड्यांचं मी तसं करून दिलं.

तिथेच थांबलो असतो तर आज घरी असतो. पण ते चालतं कसं हे दाखवायला पीठ मळलं तेही मीच. जन्मभर आईला तांदळाच्या भाकऱ्या करताना बघितलेलं, मक्याच्या पिठाला पाणी किती हे बोटांना लगेच कळलं. पहिलीच पोळी तव्यावर टम्म फुगली. मुलाने टाळ्या वाजवल्या आणि मीही मूर्खासारखा फुललो. तेव्हापासून शुक्रवारी सगळं गोत जमतं तेव्हाचा नाश्ता माझ्याकडे आला, मग रोजचाही आला. रंधा शेडमध्ये टांगलेला असतो. त्याच्यावर वाळू बसते, ती मी पुसतो.

गावी माझं चिऱ्याचं घर उभं आहे. छप्पर झालं, खिडक्या झाल्या, पुढचं दार तेवढं राहिलं होतं. ते मी स्वतः करणार, असं मी अख्ख्या वाडीसमोर बोलून बसलो होतो. त्यासाठी इथे यायच्या आधीच फणसाच्या फळ्या निवडून, चिरून माळ्यावर सुकत ठेवल्या. सुताराच्या घराला बाजारातलं दार लावलं तर लोक तोंडात शेण घालतील. तोवर बायकोने गोठ्याचं जुनं दार तिथे टेकवून भागवलं होतं. दर फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "कधी येतलात?"

सुट्टी मागितली की मामा म्हणायची, "बाचर." बाचर म्हणजे उद्या. तिचा उद्या उगवायच्या आत रमजान यायचा, मग ईद, मग लेकीचं बाळंतपण, मग उन्हाळा. उन्हाळ्यात सगळे लंडनला जाणार आणि घर राखायला मी. नोकरांकडून शिकलेल्या हिंदीत ती हसून विचारायची, "तुम जायेगा तो नाश्ता कौन बनायेगा?" मला राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटायचं. आपल्या हातावाचून कुणाचं तरी अडतंय, हे काय वाईट आहे? हाताच्या ह्या गुणानेच मला इथे डांबून ठेवलंय, अशी माझी पक्की समजूत होती.

मग मी ठरवलं, हातच बिघडवायचा. नाश्ता तोंडात घालवेना की म्हणतील, जा बाबा एकदाचा.

एका शुक्रवारी सगळ्याची वाट लावली. घेवडा अर्धाकच्चा ठेवला. रश्शासाठी टोमॅटो भाजायचे असतात, ते कोळसा होईपर्यंत जाळले. पोळ्या जाड, कडा फाटलेल्या. आईने बघितल्या असत्या तर उलथनं फेकून मारलं असतं. ताटं मांडली. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. मी दाराआड उभा राहिलो.

सगळे खायला लागले. एका हातात पोळी, एका हातात फोन. जावई काहीतरी किस्सा सांगत होता, बाकीचे हसत होते. नातवाने घेवडा बाजूला सारला, पण तो एरवीही सारतो. दुकानातली पोळी ज्याला रबरासारखी लागायची त्या मुलाने अजून एक मागून घेतली. उठताना मामा म्हणाली, "झैन, झैन." म्हणजे छान.

मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेला रस्सा चाखला आणि थुंकून टाकला. मग असा संताप आला की कढई सिंकमध्ये आदळली. म्हणजे माझ्या हाताने मला अडकवलं नव्हतंच. मी चांगलं करतो म्हणून त्यांनी ठेवलं नव्हतं. मी घरात होतो म्हणून होतो, बैठकीतल्या सोफ्यासारखा. सोफ्याला कोणी सुट्टी देतं का?

त्याच तिरीमिरीत, ओल्या हातांनी, मामासमोर जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा आवाज चढवला. घरी जायचंय, माझ्या घराला दार करायचंय, म्हटलं. ती चिडली नाही. खरोखरच कोडं पडल्यासारखं तिने विचारलं, "तुमारा मुलुक में दरवाजा बिकता नहीं?"

बिकता है, म्हटलं. पुढे काय सांगायचं ते मला हिंदीत जुळवता येईना. मराठीत तरी आलं असतं की नाही कोण जाणे. "बाचर बात करेगा," म्हणून ती निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बायकोचा व्हिडिओ कॉल आला. ती फोन घेऊन पुढे पडवीत गेली. चौकटीत तपकिरी, चकचकीत दार. कुडाळच्या बाजारातलं. वर यंत्राने कोरलेला मोर.

"रागावू नकात," ती म्हणाली. "गेल्या पावसात पाणी चुलीपर्यंत इला. किती दिस वाट बघू?"

"नीट लागता?" मी विचारलं.

"लागता. आतसून कडी घातली काय रात्रीची झोप लागता."

तिने कडी घालून दाखवली. त्या मोराला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मी वाडीची तोंडं मोजत बसलो होतो आणि ती एकटी, गोठ्याच्या टेकवलेल्या दाराआड, जागी राहत होती. हे तिने इतकी वर्षं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"आणि फळयो?" मी विचारलं.

"असत माळ्यार. खंय जातत?"

पुढच्या शुक्रवारी मी पोळ्या दाबत होतो. मामा चहा घ्यायला आत आली. तिला काय आठवलं कोण जाणे, थांबून म्हणाली, "दरवाजा?"

"हो गया."

"अल्हमदुलिल्ला." ती मनापासून म्हणाली. माझ्यासाठी तिला खरंच बरं वाटलं होतं. "तो अब जल्दी नहीं?"

आता घाई नाही, मी म्हटलं. ते खरं होतं, आणि तव्यासमोर उभ्या उभ्या मला रडू आलं.