निरोपाचा पंखा

आमच्या मावशीने डूख धरला की सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

पंख्यांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं पाती जुळवते. पंखा टांगायचा, फिरवायचा, डुगडुगला की नेमक्या पात्यावर लोखंडाची चिमुकली चकती चिकटवायची. स्थिर फिरला की दांड्यावर तिची निळी खूण. निळ्या खुणेचा पंखा कधी परत आला नाही.

तपासनीसाची जागा निघाली, तेव्हा ती मावशीलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. पण आदल्याच महिन्यात तिने साहेबांना चारचौघांत सुनावलं होतं, "हा माल डुगडुगतोय. मी खूण करणार नाही." साहेबांनी तिच्या अहवालात इंग्रजीत एकच शब्द लिहिला: अनबॅलन्स्ड. स्वतःच्या भाच्याच्या अहवालात लिहिलं, बॅलन्स्ड. जागा भाच्याला गेली.

मी तेव्हा नववीत होते. मावशीने मला शब्दकोश काढायला लावला.

"माणसाला लावला की डोकं ठिकाणावर नसलेला," मी चाचरत सांगितलं.

"आणि दुसरा?"

"समतोल. सारासार विचार करणारा."

"तो? पंखा न फिरवताच पास करतो मेला!" म्हणाली आणि रडली. त्या साहेबाचा मला आजही संताप येतो.

अकरा वर्षं ती मूग गिळून बसली.

कारखान्याची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याला पंखा द्यायचा आणि तो कुणी जुळवायचा हे त्यानेच सांगायचं. साहेब निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा जनाची नाही, मनाचीही लाज न बाळगता त्यांनी मावशीचं नाव घेतलं.

"दे एखादं पातं वाकवून," मी म्हटलं.

ती भडकली. "त्याच्यापायी माझी खूण खोटी पाडू?"

तिने भाच्याने पास केलेल्या ढिगातला वरचा, निळी खूण नसलेला पंखा उचलला, एकही चकती न लावता समारंभात पुढे केला. "साहेब, माझ्यासारखीच्या हातचा कशाला? बॅलन्स्ड माणसाने पास केलेला आणलाय." सगळे हसले. साहेबांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई, पंखा फार डुगडुगतो हो. त्याच्याखाली झोपायची भीती वाटते. येऊन बघता का?"

"भाच्याला बोलवा ना."

"त्याला कुठे जमतंय!"

"मग तेवढं लिहून द्या, साहेब. तेव्हासारखंच, इंग्रजीत, सहीनिशी. लगेच येते."

फोनमधून फक्त पंख्याची खडखड येत होती. मावशी खुर्ची ओढून बसली आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत ऐकत राहिली.