बंदुकीच्या तोंडाला पिशवी

पास्कू फर्नांडिस या माणसावर अन्याय झाला तो २००८ सालच्या मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मालवणच्या मासळी बाजाराच्या तोंडाशी. तो आम्ही केला, किनारा राखायची चळवळ चालवणाऱ्या मंडळींनी. पत्रकाचा मजकूर माझा होता आणि वाटणाऱ्या चौघांत मीही होते. तीन आठवड्यांपूर्वी पास्कूअंकल गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दुसऱ्याच एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. पेन खाली ठेवावं की पुढची ओळ वाचावी, कळेना... मी पुढची ओळ वाचली. का, ते अजून कळलेलं नाही.

अंकल आमचे शेजारी. गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून २००१ साली परतले ते सहा जुन्या पेंटबॉल बंदुका घेऊन. रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या, ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद, एवढाच खेळ. त्या बंदुका दिसायला पिचकारीच्या थोरल्या बहिणी. दर गोळीला पुढचा दांडा सायकलच्या पंपासारखा मागेपुढे ओढायचा, तोवर समोरचा पळून जायचा. गॅस कुडाळहून टेम्पोने यायचा. गोळ्यांचं कवच जिलेटिनचं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत त्या सुजायच्या आणि नळीत अडकायच्या. म्हणून अंकल त्या भाजलेल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. त्यांची बायको मार्येलिन आंटी कावायची, "आज पेज करू काय गोळ्यो शिजवू?" माडांच्या बागेत फुटक्या होडीआड लपून बँकेतले कारकून, शाळेतल्या बाई, सगळे खेळायचे आणि हसून हसून बाद व्हायचे. मीही.

नियम एकच, पण देवळातल्यासारखा पाळायचा. खेळताना तोंडावर मास्क हवाच. शिट्टी झाली की अंकल स्वतः प्रत्येक बंदुकीच्या तोंडावर जाड कापडाची पिशवी चढवणार, इलॅस्टिक ओढून बघणार, आणि मगच मास्क उतरायचा. पिशव्या आंटीने जुन्या जीनच्या पँटींतून शिवलेल्या. घामाने कितीही जीव जावो, "मास्क काढशात तर सरळ घराक जाशात!" एका साहेबांना त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं.

मग दिवस पालटले. रस्त्यापलीकडे दुसरं मैदान निघालं. तिथल्या बंदुका काळ्या, बॅटरीवर चालणाऱ्या, एका दमात पाच-सहा गोळ्या फेकणाऱ्या. शहरातली माणसं लष्करी रंगाचे कपडे घालून यायची, "मार, मार" ओरडायची. मास्क भाड्याने वेगळा, हवा तर घ्या. आम्हा मंडळींचं डोकं तेव्हाच तापलं होतं. किनाऱ्यावर हे युद्धाचे खेळ कशाला? प्रश्न बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो, आणि तिथेच माझा सगळा गोंधळ आहे.

त्या मे महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अंकलच्या फाटकातून एका पर्यटक मुलीला रिक्षात बसवत होते, डोळ्यावर ओला रुमाल, ती रडत होती. आणखी काय पुरावा हवा? आम्ही नावानिशी छापलं: 'पास्कू फर्नांडिस यांच्या मैदानावर मुलीचा डोळा जायबंदी. हे मैदान बंद करा!' आठ दिवसांत ते बंद झालं. आम्ही पेढे वाटले.

वर्षभराने त्याच रिक्षावाल्याने मला सहज सांगितलं. मुलगी पलीकडच्या मैदानावर खेळत होती, मास्क न घालता. तिथे कुणाला काय करायचं सुचेना, म्हणून तिला पास्कूकडे आणलं. त्यांनीच डोळा चोळू न देता ओला रुमाल धरून तिला डॉक्टरकडे पाठवलं होतं.

मी धावत गेले. अंकल पडवीत मास्कच्या काचा पुसत होते. खेळ बंद होऊन वर्ष झालं, तरी पुसत होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी त्यांच्यावरच ओरडले.

"माका कोण इचारूक इला? तू शेजारची. कुंपण ओलांडून इलंस?"

"आता मी खुलासा छापते."

"छाप नायतर नको छापू." मग त्यांनी बंदुकीवरची पिशवी काढून माझ्यासमोर धरली. "ह्या बंदुकेच्या तोंडाक पिशी आसा गो. तुझ्या कागदाच्या तोंडाक खंय आसा?" आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

खुलासा मी तीनदा लिहिला. मंडळी म्हणाली, चळवळीचं नाव जाईल, थांब जरा. मी थांबले. त्यांच्या भिडेने की स्वतःच्या लाजेने... ठरवता येत नाही. आणि अंकल पलीकडच्या मैदानाचं नाव का घेत नव्हते, हेही मी विचारलं नाही. दुसऱ्यांदाही विचारलं नाही!

परवा आंटीकडे गेले होते. पडवीत सहा खिळ्यांवर सहा मास्क. काचा लख्ख. आता त्या आंटी पुसते. खाली बंदुका, तोंडाला पिशव्या घट्ट. पलीकडून शिट्टी ऐकू येत होती.

आमचं ते पिवळं पत्रक तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आपल्याकडे कागद फुकट जात नाही. फडताळात डब्यांखाली अंथरलेलं असेल. डबे उचला. पास्कू फर्नांडिस हे नाव खोडा आणि त्या जागी माझं लिहा. मग तो कागद घेऊन आंटीच्या पडवीत जा, आणि त्या दिवशी काय झालं ते तिला विचारा. माझ्या या लेखावरही विसंबू नका. कुंपण ओलांडा आणि विचारा.