आम्ही शेवटचे एकत्र कुठे राहिलो

५ एप्रिल, रविवार. कूलरमधली जुनी खस काढून नवी बसवत होते. हे काम एकटीने करायचं तर कूलर भिंतीपासून ओढावा लागतो आणि जाळी गुडघ्याने दाबून धरावी लागते. जाळी तशी दाबलेली असतानाच वकीलबाईंचा फोन आला.

"ताई, उद्या तुमची उलटतपासणी. एक गोष्ट मला अजून समजली नाही. तुम्ही यवतमाळहून परत काहून आल्या?"

"सुट्टी संपली म्हणून."

"असं बोलाल तर हरलो आपण. त्यांचा वकील म्हणेल, घर तिथंच होतं, नोकरीपायी नागपूरला गेल्या. दुसरं काही कारण आहे का? आठवून ठेवा."

आठवायची गरज नव्हती. बरं म्हणून मी फोन ठेवला, खस बसवली, टाकीत पाणी सोडलं.

नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज यवतमाळच्या कोर्टात टाकला होता. लग्न नागपुरातल्या विहारात लागलं, संसार तिथल्याच मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये झाला आणि मी आजही तिथेच राहते. त्यामुळे यवतमाळच्या कोर्टाला हा अर्ज चालवायचा अधिकार एकाच कारणाने मिळू शकत होता. नवरा-बायको म्हणून आम्ही शेवटचे एकत्र यवतमाळला राहिलो, असं ठरलं तर. मी हरकत घेतली ती त्या अधिकाराला, घटस्फोटाला नाही. तो मी दिला असता. पण मी त्याला सोडून गेले, असं अर्जात लिहिलं होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दर तारखेला अख्ख्या दिवसाची रजा कोणी देत नाही, आणि मी हजर नसले की तेच खरं धरलं जाणार होतं.

तो बदलीवर तिकडे गेला तेव्हा दर शनिवारी यायचा. मग महिन्यातून एकदा, मग सणावारी, मग सणालाही नाही. अशात एका दसऱ्याला त्याच्या घरमालकीण काकूंचा फोन आला. "तुमच्या साहेबांले डेंगू झाला. पाहाले कोणी नाही." मी कपड्यांसोबत कुकर आणि तवा पिशवीत घातला. त्याच्याकडे चहाचं एक पातेलं होतं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी सगळ्या गाड्या दीक्षाभूमीकडे माणसं भरभरून आणत होत्या. शहराबाहेर जाणारी माझी एसटी जवळजवळ रिकामी होती.

तिथे मी रोज त्याच्या प्लेटलेट्सचे रिपोर्ट पाहिले, पेज केली, पडदे धुतले, गॅस खिडकीपाशी सरकवला. ताप उतरल्यावर तो संध्याकाळी गच्चीत बसायचा, मी बाजूला भाजी निवडायची. बोलणं फारसं नव्हतं. पण जेवताना दोन ताटं घेतली जायची.

सोमवारी कोर्टात त्याच्या वकिलाने तिथूनच सुरुवात केली.

"बाई, पाहुणा कुकर घेऊन येतो का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"त्यांच्याकडे नव्हता."

"जाताना परत नेला?"

"नाही."

"म्हणजे पुन्हा यायचं होतं?"

"हो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग गेल्या कशाला?"

"सुट्टी..." इतकं बोलून मी थांबले. नवरा समोर बसला होता. चष्मा नवा होता.

"मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबते, रजा वाढवून मिळते. ते म्हणाले, मी बरा झालो. आता तू तुझ्या घरी जा, इथं सवय नको लावून घेऊस. बसस्टँडवर सोडायला तेच आले होते."

"कोणतं घर म्हणाले?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं. मनीषनगरचं."

हे मी आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नव्हतं. न्यायाधीशांनी टायपिस्टला सावकाश सांगितलं, "त्यांनी मला माझ्या घरी जाण्यास सांगितले." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर?" मी बरोबर म्हटलं. त्याच्या वकिलाने वळून त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान खाली घातली. अशा वेळी "हे तुम्ही खोटं सांगता" असं वकील म्हणतोच. या वकिलाने ते म्हटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर काकूंची साक्ष झाली. त्या नवऱ्याच्या बाजूने होत्या, पण सगळं माझं कौतुकच करून गेल्या. "ही आली तं घराले घरपण आलं. पडदे धुतले, गॅसची जागा बदलवली. पाहुनी असं करते का?"

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी माझा हात धरला.

"तुह्या भल्यासाठीच बोलली वं बाई मी. एका जागी राहत होते म्हणून सांगतलं तं कोर्ट तोडणार नाही तुमचं."

"काकू, ते एकत्र राहिलो ठरलं की तोडायचा अधिकार याच कोर्टाला मिळतो."

"अगं माय! मले तं त्याच्या वकिलानं असं काही सांगतलं नाही." त्या बाकावर बसल्या. "आता सुदरवता येते का?"

नाही येत, म्हटलं. त्यांना पाणी आणून दिलं.

निकाल कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी आला. आजारी माणसाची सेवा करायला जाणं म्हणजे एकत्र राहणं नव्हे, या कोर्टाला अधिकार नाही, अर्ज नागपूरच्या कोर्टात टाकण्यासाठी परत द्यावा. "जिंकलो ताई!" वकीलबाई म्हणाल्या. त्या दुसऱ्या कामासाठी तिथेच थांबल्या. मी बसमध्ये बसले. गच्चीतल्या त्या संध्याकाळी आता कागदोपत्री आम्ही एकत्र नव्हतो, आणि तसं ठरवून मीच घेतलं होतं. कोणाला तरी फोन करावा म्हणून नावं वर-खाली केली. अशा बातम्या ज्याला सांगायची मला सवय होती, त्याला ही आधीच कळलेली होती. मोबाईल पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी इथल्या, नागपूरच्या कोर्टात गेले. अर्ज यायला अजून वेळ होता. कुटुंब न्यायालय कुठल्या मजल्यावर आहे, बायकांचं बाथरूम कुठे आहे, ते पाहून ठेवलं. शिपायाने विचारलं, "कोणाची तारीख आहे बाई?"

"आज कोणाची नाही," म्हटलं, आणि ड्यूटीवर गेले.