जुन्या डिस्कवरचा लाल रंग

आमच्या घरचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी कुकर लावायला जात असे. कुकर उतरायचा, वरणाला फोडणी पडायची, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र आपलं फिरतच असायचं. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. बुद्धविहारातल्या महिला मंडळाची पत्रकं मराठीत टाइप करून देणारी ह्या हिंदी मुलखातल्या आमच्या जुनवानी वस्तीत मी एकटीच, त्यामुळे मला घाई करणारंही कोणी नव्हतं. काळजी वाटायला लागली ती आवाजामुळे. त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतून मधूनच कट्-कट् असं ऐकू यायला लागलं. थांबायचं, विसरायला झालं की पुन्हा यायचं.

त्या डब्यात माझी आई होती. म्हणजे तिचा आवाज होता. आम्ही स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये असताना ती आमच्याकडे राहायची आणि तांदूळ निवडता निवडता ओव्या म्हणायची. भाताच्या रोवणीच्या, सासरी गेलेल्या लेकीच्या, धम्मदीक्षेच्या. भंडाऱ्याकडच्या तिच्या गावातल्या बायांनी त्या रचलेल्या होत्या, कुठल्याही पुस्तकात सापडायच्या नाहीत. मी त्या मोबाईलमध्ये भरून घेतल्या आणि कॉम्प्युटरवर टाकल्या. पुढे तो मोबाईल बादलीत पडून मेला, आणि मग आईही गेली. ती गेल्यावर मी त्या ओव्या एकदाही ऐकल्या नव्हत्या. हिंमतच होत नव्हती. पण त्या आहेत, हव्या तेव्हा लावता येतील, एवढ्यावर माझं चाललं होतं. आता तो डबाच कटकट करायला लागला म्हटल्यावर माझा जीव टांगणीला लागला.

सिविक सेंटरमधल्या दुकानदारानं लक्षण ऐकूनच सांगितलं, “आंटी, हार्ड डिस्क जा रही है. एसएसडी डलवा लो, मशीन उड़ने लगेगी. छोड़ के जाओ, शाम को ले जाना.”

मी विचारलं, “और अंदर का सामान?”

“उसकी गारंटी नहीं,” तो म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की मला त्याला दोन शब्द सुनावावेसे वाटले. त्याच्याकडून मी एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, तेवढी घेतली आणि सोबत एक जास्तीची वायर. आईला परक्याच्या टेबलावर ठेवून यायची माझी तयारी नव्हती. घरी येऊन मी व्हिडिओ पाहिले, थांबवून थांबवून, काही तर पुन्हा पहिल्यापासून. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, नव्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती आवाज करत नाही आणि अडखळतही नाही, इतपत समजलं. बाकी चार स्क्रू आणि दोन वायरी. शिलाई मशीन मी घरीच खोलते आणि घरीच लावते, मग हे का नाही, असं मनाशी म्हटलं.

सकाळी मी डबा टेबलावर आडवा केला, तेवढ्यात आमचे हे आले. प्लांटच्या मेन्टेनन्समधून रिटायर होऊन वर्षं लोटली, पण घरातला बल्ब बदलायचा तरी शटडाऊन घेतल्याशिवाय, म्हणजे वीज तोडल्याशिवाय, हे हात लावू देत नाहीत.

“शटडाऊन घेतलं का?” त्यांनी विचारलं.

“प्लग काढला नं मी.”

ते आत गेले आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेऊन आले: काम चालू आहे, स्विच टाकू नये. सुतळीनं तो पुठ्ठा त्यांनी बोर्डाला टांगला.

“घरात दोघंच त हावो,” मी म्हटलं. “कोण टाकते स्विच?”

“प्लांटमदी बी नेहमी दुसऱ्याच मानसानं टाकला असते,” ते म्हणाले आणि टॉर्च धरून उभे राहिले.

झाकण काढल्यावर आत धुळीची गादीच होती. ह्यांनी रंगाचा कोरा ब्रश आणून ती हळूहळू झाडली, मी तोपर्यंत नाकाला पदर लावून बसले. मग जुनी डिस्क होती तिथेच ठेवून जास्तीच्या वायरनं नवी बाजूला जोडली, ह्यांनी पुठ्ठा उतरवून स्विच टाकला आणि मी जुन्यातलं नव्यात उतरवणारा प्रोग्रॅम लावला. त्यानं विचारलं, पूर्ण डिस्क उतरवू की फक्त विंडोज? जुनी डिस्क मोठी, नवी लहान, त्यामुळे पूर्ण बसेना. आईच्या ओव्यांचा फोल्डर तर समोर पडद्यावरच होता, पिवळा, खाली ‘आई’ लिहिलेला. पडदा म्हणजे विंडोजच की, असा मी हिशेब केला आणि फक्त विंडोज निवडलं.

हिरवी पट्टी सरकायला लागली. मधेच कट्-कट् झालं की पट्टी थांबायची आणि माझा श्वासही. ह्यांनी दोनदा चहा केला, एकदाही साखर बरोबर पडली नाही. अखेर पट्टी भरली. पुन्हा शटडाऊन घेऊन मी जुनी डिस्क सोडवली आणि ह्यांच्या हातात दिली, तिच्या जागी नवी बसवली, झाकण न लावताच बटण दाबलं आणि सवयीनं कुकर लावायला उठले. पदर सावरून वळते तोवर पडदा समोर हजर! सगळी चित्रं जागच्या जागी. पिवळा फोल्डरसुद्धा.

माझा जीव भांड्यात पडला. मी ह्यांना ओरडून बोलावलं, बंद करून पुन्हा चालू करून दाखवलं, मग आणखी एकदा. ते म्हणाले, “बस कर, नवीनच हाय ते.”

जेवण झाल्यावर मी मंडळाचं पत्रक टाइप करायला बसले. बोट टेकवावं आणि काम व्हावं, असं चाललं होतं. त्या खुशीतच मला वाटलं, आज ऐकूया. आज रडू आलं तरी चालेल. मी ‘आई’वर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. ही गोष्ट जिथे होती तिथे आता नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं.

मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. जुन्या डिस्कचे दोन कप्पे होते. विंडोज पहिल्यात होतं, आणि ओव्या मीच कधीतरी, जागा पुरेना म्हणून, दुसऱ्यात हलवल्या होत्या. पडद्यावर राहिली होती ती नुसती तिकडे जायची वाट. मी वाट तेवढी उतरवून घेतली होती आणि आईला मागे सोडून आले होते.

पण जुनी डिस्क तर घरातच होती! मी हाक मारली, “अहो, जुनी डिस्क कुठी ठेवली?”

हे जिन्यावरून खाली येत होते. हाताला रॉकेलचा वास, बोटांना काहीतरी लाल.

“गच्चीवर हाय. वाळून राहिली.”

“वाळून? कावून वाळून?”

“रंग मारला नं तिले. काढलेल्या पार्टले लाल रंग मारा लागते, नाही त चुकून कोणी परत बसवते. आमाले सवयच हाय ते.”

“कोण बसवते इथं? तुमी का मी?” माझा आवाज इतका चढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. “माह्या मायच्या ओव्या हायेत त्याच्यात! नव्यात आल्याच नाही त्या!”

हे आल्या पावली वर धावले, मागून मी. मे महिन्यातली दुपार, पायाला चटके बसत होते, आणि कठड्यावर आमची डिस्क पडलेली, लालभडक, नुकतं लग्न लागल्यासारखी. हात लावला तर भाजलं. ह्यांनी गमछ्यात धरून ती खाली आणली. तापलेल्या भाताचं भांडंसुद्धा त्यांनी कधी इतक्या जपून धरलं नसेल. धरून ते सरळ कूलरसमोर उभे राहिले.

“कूलरसमोर नोको!” मी ओरडले. “पानी उडते तिथं!”

मग ती पंख्याखाली, वर्तमानपत्रावर ठेवली. गार होईपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. मी पलंगावर बसले, हे जमिनीवर. भांडायला मला तोंड नव्हतं, कारण चुकीचा पर्याय मीच निवडला होता. पण लाल रंग डोळ्यांसमोर होता आणि रागाला कुठेतरी टेकायला जागा लागतेच. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. आईला एकदा पोचवून आले होते. पुन्हा पोचवायचं बळ माझ्यात नव्हतं.

हे खालच्या आवाजात म्हणाले, “भोक सोडलं मी.”

“कोनतं भोक?”

त्यांनी डिस्क उचलून माझ्यासमोर धरली. सगळीकडे रंग होता, पण एका कोपऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढी जागा कोरी होती आणि तिच्या मधोमध बारीकसं छिद्र. शेजारी इंग्रजीत छापलेलं, हे भोक झाकू नका. ती चार अक्षरंही ह्यांनी रंगातून वाचवली होती.

“लिहून होतं,” ते म्हणाले. “लिहून असलं का ऐका लागते.”

आतली हवा त्या छिद्रातून ये-जा करते, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. भंगारात जाणाऱ्या वस्तूवरची सूचनासुद्धा पाळणारा हा माणूस! मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. राग मात्र थोडा शिल्लक होता, तो मी तसाच ठेवला.

डिस्क गार झाल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुठ्ठा पुन्हा टांगला, आणि मी तिची टोकं कोरड्या कापडानं पुसली आणि जास्तीच्या वायरनं नवीच्या शेजारी जोडली. ह्यांनी बोर्डावरचा पुठ्ठा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि स्विच टाकला. आधी बारीक घूं असा आवाज. मग कट्. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. पुन्हा एकदा कट्, आणि मग ती सरळ फिरायला लागली.

पडद्यावर दुसरा कप्पा आला. त्यात ओव्या होत्या, सगळ्या.

माझा हात लगेच पहिल्या ओवीकडे गेला, तर ह्यांनी मनगट धरलं. “पहिले कॉपी.” मी ऐकलं. नव्या डिस्कवर कॉपी झाली, पेन ड्राइव्हवर झाली, आणि नंतर ह्यांच्या मोबाईलमध्येही टाकून झाली, तेव्हा कुठे मी खुर्चीत मागे टेकले. खांदे दुखत होते. कितीतरी वेळ ते मी कानांपर्यंत उचलून धरले होते, हे खाली सोडल्यावरच कळलं.

मग मी सर्वांत शेवटची ओवी लावली. आधी ताटात तांदळाचा सळसळ आवाज आला, मागे कुकरची शिट्टी, आणि त्यातून आई. तिचा तो किंचित फाटलेला आवाज, ओळीच्या शेवटी लांबवलेला. दीक्षेला पायी निघालेल्या बायांची ओवी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. हे भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

ओवी संपली. मला वाटलं, झालं. पण आवाज पुढे चालूच होता. ताट बाजूला सरकवल्याचा खरखर आवाज आला, आणि आई अगदी जवळून, मोबाईलवर वाकल्यासारखी बोलली, “झालं का वो बाई? आला का माहा आवाज त्याच्यात?”

तिथेच रेकॉर्डिंग तुटलं. ओवी भरून घेतली त्या दिवशी मी बहुधा नुसतीच मान हलवून बटण दाबलं होतं.

मी पडद्याजवळ वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, “आला, आई. पूर्ण आला.”