पिंपळ त्यांचा, भिंत यांची

आमच्या गावाच्या डोक्यावर गड आहे. अकोटाच्या वर, सातपुड्याच्या जंगलात. गडावर दगडी भिंतीचं तळं. त्याचं पाणी डोंगराच्या पोटातून झिरपत खाली आमच्या झऱ्याला येतं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गावची ढोरं त्याच झऱ्यावर जगतात. भिंत फुटली की ढोरं मेली, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. साहेबांना कळायला वेळ लागला.

पाखरं बी टाकतात, भिंतीत पिंपळ उगवतो. आमच्यात पिंपळाला लोखंड लावत नाहीत. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराला, बैलांना सुट्टी असली की गावचे गडी वर चढायचे, कोवळी रोपं हातानं उपटायचे आणि खाली नाल्याकाठी लावायचे. पिंपळही जगला, भिंतही जगली. कोणाच्या आज्याला त्यासाठी खातं लागलं नव्हतं.

मग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि गडाला एकदम दोन धनी झाले. कराच्या दिवशी वर गेलो तर जंगलचा नाकेदार उभा.

"रोप काहून उपटून राहिले बे? दंड बसीन!"

त्याच्या मागून जुन्या इमारतींच्या खात्याचा चौकीदार. "अन् दगडाले हात लावला त खटला भरीन."

दोघांचा मान राखून आम्ही खाली आलो. पिंपळानं कोणाचाच मान राखला नाही. बघता बघता तो मांडीएवढा झाला. मी तालुक्याला खेटे घालघालून शेवटी दोन्ही साहेबांना भिंतीपाशी आणून उभं केलं.

"झाड आमचं, पण उभं आहे त्यांच्या भिंतीत," जंगलवाला साहेब म्हणाला.

"भिंत आमची, पण तिला फाडणारं झाड त्यांचं," इमारतवाला म्हणाला.

मी विचारलं, "अन् पानी कोनाचं, साहेब?"

"पाण्याचं खातं वेगळं!" दोघं एकदम बोलले. त्यांचं जुळलं ते एवढ्याच गोष्टीत. मग माझ्या घरची वांग्याची भाजी अन् भाकर खाऊन दोघं एकाच जीपमध्ये निघून गेले.

आता गावाचं शहाणपणही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फक्त सरकारलाच शिव्या देतो. पारावर ठरलं की पिंपळाखाली देव बसवू. पूजेला कोण अडवणार? पूजेच्या नावानं चढू अन् गुपचूप रोपं उपटू. गडावरचाच एक गोटा उचलून त्याला शेंदूर फासला. नाकेदारानं स्वतः नारळ आणला. आम्ही खूश! पण बायांनी तो देव खरा धरला. उपास सुरू झाले, फेऱ्या सुरू झाल्या, नवस फिटू लागले. सगळ्यात पुढं माझी मायच. आता रोपही उपटू देईनात.

भिंतीला पोट सुटलं, बाहेरून पाणी पाझरू लागलं, तेव्हा कुठं साहेबांनी तोडायची परवानगी दिली. आता तोडणार कोण? बाहेरून मजूर आणले, त्यांनी शेंदूर पाहिला आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. गावचे पुढारी पायाकडं पाहू लागले. मी कुऱ्हाड उचलली. माय खोडाला पाठ लावून बसली.

"पह्यले मले तोड."

"मा, भिंत फुटली त बैल काय पेतीन?"

"मले नको शिकवू. तुया बापानं रोपं खाली नेऊन लावली, लागलं का त्याले पाप? याले बी खाली ने. देव खाली गेला का इथं रायते ते लाकूड."

सगळ्या साहेबांत मिळून एवढी अक्कल नव्हती, आणि मलाही सुचली नव्हती, ते सोडा. एक जाड फांदी हातानं वाकवून मोडली. शेंदराचा गोटा मायनं डोक्यावर घेतला. डफडं वाजवत देव खाली आणला आणि झऱ्याच्या काठी फांदी लावली. मग वर जाऊन मी खोड भिंतीच्या अंगासरसं तोडलं. मुळं ओढली असती तर दगड आले असते, म्हणून ती तशीच ठेवून फटीत चुना भरला.

लगेच नाकेदार दारात. "परवानगी तोडाची होती. लावाची कोठी हाय?"

"देव बसला हाय तेथं," माय म्हणाली. "उपट तू."

तो झऱ्यापर्यंत गेला, चपला काढल्या, हात जोडले आणि घरी गेला. इमारतवाल्यांचं वेगळंच. गडावरचा एक दगड कमी भरतो, तो कोणी नेला, म्हणून त्यांनी चौकशी लावली. भिंत वाचली, ती कोणी वाचवली, याची चौकशी कोणी केली नाही.

वैशाखात झरा बारीक झाला, पण आटला नाही. माझी बैलजोडी रोज पोटभर प्याली. शेजारच्या गावानं आमच्या देवाची लई टिंगल केली होती. त्यांचीही ढोरं पाण्याला आली. ढोरांच्या धन्यांना आधी मी झऱ्यावरच उभं करून चार शब्द ऐकवले. मग बाजूला झालो. ढोरांनी काय केलं होतं?