बिनसासूची घरं

ऐंशी सालच्या सुमारास लाखनीच्या बसथांब्यावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकायची. टोपली मांडण्याआधी ती वाकून जमीन बघे. मातीत बारीक भोकं होती आणि प्रत्येकात एकेक रानटी मधमाशी एकटीच राहायची. कुणाचा पाय तिकडे वळला की ही ओरडे, "बाजूले व्हा! घर हाये तिचं!"

एकदा मला म्हणाली, "यायच्यात राणी नाही, सासू नाही. हरेकीचं आपलं बीळ. फुलाच्या भुकटीचा लाडू ठेवते, त्यावर अंडं घालते, दार लिपते अन् चालली. मज्जा हाये!"

मागे नातवाला मांडीवर घेऊन तिची सासू बसली होती. ती म्हणाली, "अन् मंग पोरगं कोन खेळवते?"

बाई खळखळून हसली. सगळ्यात टपोरा शिंगाडा सोलून तिनं सासूच्या हातावर ठेवला. माझ्या पुड्यात मात्र सगळे बारकेच आले.